सात ते आठमधली पंधरा मिनिटं

त्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं, पण स्वयंपाकघराच्या दारावर, आतल्या बाजूनं, एक निघायचं. दर रविवारी सकाळी भांडी घासून झाली की आई कानावरची पेन्सिल काढायची, तिघांचे फोन ओट्यावर ओळीनं मांडायला लावायची आणि आठवडाभरात कोण दिवसाला सरासरी किती वेळ स्क्रीनला चिकटलं होतं, ते दाराच्या पांढऱ्या रंगावर लिहायची. तास, मिनिटं, पुढे एक बारीकशी रेघ. आई तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला की बाही चढते, हे तिचं नुसत्या बाहीबद्दलचं मत नव्हतं, एकूण आयुष्याबद्दलचं होतं. त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

बाबा ह्या प्रकाराला रविवारची हजेरी म्हणायचे.

बाबा क्रेनवाले. लोखंडी पाइपांचं मोठं गोदाम, छपराखाली रूळ, रुळांवरून सरकणारी क्रेन आणि क्रेनच्या पोटाला चिकटलेली काचेची केबिन. चौतीस पायऱ्यांची शिडी चढून सोळा वर्षं ते त्या केबिनीत बसत होते. खाली उभे राहून त्यांना हातानं इशारे देणारे ते सिग्नलकाका. एवढ्या उंचीवर खालचे शब्द पोचत नाहीत, म्हणून दोघांचं सगळं बोलणं हातांचं. तर्जनी वर करून फिरवली की उचल. तळहात जमिनीकडे थोपटला की हळूहळू खाली घे. आणि मूठ आवळली की आहे तिथेच धर, वर नको, खाली नको, श्वाससुद्धा नको. मुठीचा हा इशारा कुठल्या पुस्तकातला नव्हता, दोघांनी आपसांत ठरवून घेतलेला होता.

"सोळा वर्षं कामावर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, म्हणून तर दोस्ती टिकली," सिग्नलकाका म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटायला आले की ते चहासुद्धा इशाऱ्यानं मागायचे. तर्जनी गोल फिरवली की दुसरा कप, आणि आईनं कप भरताना मूठ आवळली की बस्स, तिथेच. आई हसायची आणि मुद्दाम एक थेंब जास्त ओतायची.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे टिकटिक. वय पंधरा. बोलायला लागली की घड्याळासारखी थांबत नाही, म्हणून हे नाव बाबांनी दिलेलं, आणि ते सिग्नलकाकांनी गावभर केलेलं. मागच्या वर्षीपर्यंत दारावर टिकटिकच्या नावापुढे सहा तास, साडेसहा तास असले भयानक आकडे पडायचे. मग आईनं तिच्या फोनला कुलूप घातलं. दिवसाचा एक तास, तो संपला की फोनचा दगड. दोन आठवडे रडारड, अबोला, ताटावरून उठणं, जे काही करता येतं ते सगळं करून झालं. मग एके दिवशी कपाटात जुन्या स्वेटरांच्या खाली तिला टॅबलेट सापडला.

हा टॅबलेट बाबांनी कधीकाळी घेतलेला, बाबांच्याच खात्यावर चालू केलेला. बॅटरी गेली म्हणून सगळ्यांनी त्याचं सुतक कधीच पाळलं होतं. पण चार्जरची वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली की तो मेलेला जीव उठून बसायचा. टिकटिकला तो कोन सापडला. त्यानंतर रोज सकाळी आंघोळीच्या नावाखाली, दुपारी अभ्यासाच्या नावाखाली, संध्याकाळी पोट दुखतंय ह्या नावाखाली ती वायर वाकवून बसायला लागली.

पहिल्याच रविवारी आईनं लिहिलं: टिकटिक, एक तास दोन मिनिटं. बाबा, चार तास दहा मिनिटं.

"चार?" आई म्हणाली. "क्रेन चालवता की मोबाईल?"

"मी?" बाबांनी चष्मा वर करून दाराकडे पाहिलं. "एवढा कुठे बघतो मी?"

"मी नाही म्हणत, हा म्हणतोय." आईनं फोन त्यांच्यापुढे धरला.

टिकटिकला त्याच क्षणी कळलं. आकडा खात्याच्या नावावर पडतो, टॅबलेट बाबांच्या खात्यावर आहे, म्हणजे तिचे तीन तास बाबांच्या पदरात. तिनं तोंड उघडलं. आणि आईनं तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बघा, पोरीकडून शिका जरा." मग तिनं तोंड मिटलं. आपलं ठेवायचं झाकून ही गोष्ट पहिल्या दिवशी फार सोपी असते.

पुढे ती सोपीच होत गेली. बाईंनी वर्गात विचारलं, स्क्रीनचा वेळ कमी करून दाखवलाय असं कोणी आहे का, तेव्हा टिकटिकचा हात आपोआप वर गेला. मग शाळेच्या सभागृहात भाषण झालं, 'माझा एक तास'. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर तिचा आवाज कापला नाही. पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन विचारायला लागल्या की ताई, तू कसं केलंस. टिकटिक केस मागे टाकून सांगायची, मनात आणलं की होतं गं. गंमत अशी की ते सांगताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटायचंच नाही. दारावर लिहिलेलंच होतं ना.

आणि घरी बाबा. सात रविवार आई त्यांना बोलली. आधी थट्टेत, मग नाक मुरडून, मग सरळ. बाबा पहिले दोन रविवार भांडले, तिसऱ्या रविवारी गप्प राहिले, पाचव्या रविवारी स्वतःच म्हणाले, "असेल गं. माणसाचा हात कुठे जातो ते माणसाला कळत नाही." सातव्या रविवारी आईनं त्यांच्या फोनवर काहीतरी लावलं. सहा ते दोन ही त्यांची पाळी. त्या वेळेत दहा मिनिटं वापर झाला की फोन वाजून सांगेल.

"म्हणजे कामावर तरी लाज वाटेल," आई म्हणाली.

"लाव बाई," बाबा म्हणाले.

सोमवारी टिकटिकची सकाळची कवायत होती, ती लवकर गेली. मंगळवारी नव्हती.

मंगळवारी तिसऱ्या तासाला शिपाईमामा वर्गाच्या दारात आले आणि टिकटिकला दप्तर घेऊन बोलावलंय म्हणाले. ऑफिसात शेजारच्या काकू उभ्या होत्या. बाबा बरे आहेत, हे त्यांनी आधी सांगितलं. मग बाकीचं.

पाइपांचा जुडगा खाली येत होता. खाली मांडणीच्या लोखंडी दांड्यावर एक लाकडी ठोकळा सरकला होता, तो सरळ करायला सिग्नलकाकांनी उजवा हात आत घातला आणि डावा वर केला. मूठ आवळून. पाइप थांबले नाहीत.

संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून कळलं की तीन बोटं काढली. उरलेल्या दोन्हींत जीव राहतो की नाही ते पंधरा दिवसांनी सांगतील.

बाबा घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. आईनं त्यांचे बूट काढले. "त्यानं मूठ दाखवली होती म्हणतात," बाबा म्हणाले. "खालच्या तिघांनी पाहिली. फक्त मीच ती पाहिली नाही."

"मग तुम्ही कुठे बघत होता?"

"तेच तर."

ते कुठे बघत होते ते त्यांना आठवत नव्हतं. पाइप उचललेले आठवत होते, क्रेन सरकवलेली आठवत होती आणि मग एकदम किंकाळी. मधला तुकडा कात्रीनं कापल्यासारखा नाहीसा.

तो तुकडा दुसऱ्या दिवशी गोदामाच्या सेफ्टीसाहेबानं भरून काढला. हा सेफ्टीसाहेब तरुण, शर्टाची घडी न मोडणारा, कुणावर आवाज न चढवणारा. त्यानं त्या पाळीतल्या सगळ्यांना फोन दाखवायला सांगितले. बाबांनी न मागताच तो वापराचा तक्ता उघडून पुढे केला, कारण तो कुठे असतो हे सात रविवारांत त्यांना पाठ झालं होतं. मंगळवार. सात ते आठ: पंधरा मिनिटं. अपघाताची नोंद सात चव्वेचाळीसची. साहेबानं तक्त्याचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, शुक्रवारी दहा वाजता लेखी जबाब आणा.

बुधवारी दुपारी टिकटिक शाळेतून आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात, दारासमोर स्टूल घेऊन बसले होते. नाटकाला बसावं तसे.

"मी पंधरा मिनिटं काय बघत होतो गं?" त्यांनी आईला विचारलं.

"मला काय विचारता?" आई कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही.

"सगळं उघडून पाहिलं. त्या वेळी आलेला निरोप नाही, फोन नाही, काही नाही. मग मी बघत काय होतो? पंधरा मिनिटं म्हणजे थोडी नाहीत. पंधरा मिनिटांत मी दोन फेऱ्या मारतो."

टिकटिकनं खांद्यावरून उतरवलेलं दप्तर छातीशी धरलं. मंगळवारी सकाळी बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यात, वायर वाकवून, ती बसली होती. साडेसातनंतर, शाळेची गाडी यायच्या आधी. बाबांनी पंधरा मिनिटं म्हणताच तिची आकडेमोड झाली होती, पण मनात केलेली बेरीज कागदावर येत नाही तोवर ती आपली नसते असं तिला वाटत होतं.

"बाबा, तो आकडा चुकतही असेल," ती म्हणाली. "मशीनच आहे शेवटी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, संशय नव्हता, काहीच नव्हतं.

"चुकत असता तर तुझा बरोबर कसा आला असता?"

ती दप्तर घेऊन आतल्या खोलीत गेली आणि पलंगाशेजारी जमिनीवर पाय दुमडून बसली. गुरुवार तसाच गेला. गुरुवारी शाळेत बाईंनी विचारलं की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत भाषणाला जाशील ना, आणि टिकटिक हो म्हणाली. नाही म्हटलं तर का नाही हे सांगावं लागलं असतं, आणि हो म्हणायला एकच अक्षर पुरतं.

शुक्रवारी सकाळी बाबांनी दाढी केली, लग्नाकार्यात घालायचा शर्ट घातला आणि टिकटिकला हाक मारली. ओट्यावर तिच्याच वहीतला दुरेघी कागद आणि पेन ठेवलेलं होतं.

"तू लिही," ते म्हणाले. "तुझं अक्षर सुंदर आहे. माझं बघून साहेब म्हणेल, हा लिहितानाही मोबाईलच बघत असणार."

कुणी हसलं नाही. आई गॅससमोर पाठमोरी उभी होती. गॅस बंद होता.

टिकटिक स्टुलावर बसली. बाबा सांगायला लागले, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "मी, खाली सही करणारा क्रेनचालक, लिहून देतो की." तिनं लिहिलं. "मंगळवारी सकाळच्या पाळीत सात ते आठच्या दरम्यान मी." तिनं लिहिलं. "कामावर असताना पंधरा मिनिटं मोबाईल पाहत होतो." तिनं 'पंधरा' लिहिलं. रकार, धकार, काना, सगळं सुबक आलं. आणि पुढे पेन हलेना.

"मिनिटं," बाबा म्हणाले. "मि ऱ्हस्व."

"माहितीय."

"मग?"

"ती तुमची नाहीत."

"काय?"

"पंधरा मिनिटं. तुमची नाहीत, माझी आहेत. रोजचे तीन तासही माझेच. टॅबलेट चालतो. वायर वाकवली की चालतो." तिचा आवाज कापत नव्हता. सभागृहात कमावलेला आवाज होता तो, सरळ आणि स्वच्छ, आणि तिला स्वतःलाच तो ऐकवत नव्हता. "मंगळवारी मी बसले होते. तुम्ही काहीच बघत नव्हता बाबा."

 बाबांचे खांदे दोन बोटं खाली आले, मानेवरून ओझं उतरवलेल्या माणसासारखे. टिकटिकनं ते पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्या दोन बोटांचाच त्रास झाला.

आई वळली. टिकटिकनं गाल पुढे केला होता, पण आईनं मारलं नाही. ती दाराशी गेली आणि एकेका रविवारवर बोट ठेवत खाली आली. "सात," ती म्हणाली. "सात रविवार मी ह्या माणसाला बोलले. ह्याच्या तोंडावर. तुझ्यासमोर." मग म्हणाली, "आण."

टॅबलेट आला. वायर वाकली. मोजमाप म्हटलं की आईचं बोट कधी चुकत नाही. तिनं मंगळवार उघडला, तक्त्यातला सात ते आठचा उभा दांडा उघडला आणि सेफ्टीसाहेबाला जे सुचलं नव्हतं ते केलं. दांड्यावर बोट दाबून धरलं. त्याच्या खाली दोन ओळी आल्या.

टॅबलेट: १४ मिनिटं. फोन: १ मिनिट.

तिघांनीही ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, जणू अजून एखादी ओळ येईल.

"एक मिनिट म्हणजे काय," टिकटिक घाईनं म्हणाली. "एक मिनिट म्हणजे काहीच नाही. वेळ बघायला काढला असेल तरी एक मिनिट दाखवतं."

"थांब," बाबा म्हणाले.

ते डोळे मिटून उभे होते. त्यांचा उजवा हात हळूहळू शर्टाच्या खिशाकडे गेला, तिथे थांबला, वर आला, आणि रिकाम्या तळहाताकडे त्यांनी मान खाली घातली. मग डोळे उघडले.

"वाजला होता," ते म्हणाले. "नेहमीचा आवाज नव्हता. नेहमीचा असता तर मी काढलाच नसता. हा वेगळाच, कधी न ऐकलेला. मला वाटलं घरी काहीतरी झालं. काढला, बघितलं. त्यावर लिहिलं होतं, कामाच्या वेळेतली दहा मिनिटं संपली. मी म्हटलं, कुठली दहा मिनिटं." त्यांनी तळहात मिटला. "एवढं म्हणेपर्यंत खालून किंकाळी आली."

टिकटिकला आठवलं. तिच्यासमोरच्या पडद्यावरही वरून तशीच एक पट्टी सरकत आली होती. तिनं ती न वाचता अंगठ्यानं बाजूला सारली होती.

"तो आवाज मी लावला," आई म्हणाली. "निवडून लावला. नेहमीचा तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता म्हणून."

 बाबांनी ओट्यावरचा कागद उचलला, चार घड्या घालून खिशात टाकला. "दुसरा घे," ते टिकटिकला म्हणाले. "आणि चल माझ्याबरोबर."

गोदामाच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. पाळीवर जाताना फोन इथे ठेवावा, असं त्यावर लिहिलेलं. आत सातआठ फोन होते, सगळे मेलेले. कुणाची काच फुटलेली, कुणाची बटणं गेलेली. पेटी भरलेली दिसावी म्हणून जो तो घरून एखादा निकामी फोन आणून टाकत असे आणि खरा खिशात घेऊन वर जात असे. सगळ्यांना माहीत होतं. टिकटिकनं वाकून पाहिलं तर त्यात तिच्या ओळखीचा एक होता, बाबांचा जुना, मागे तिनंच लहानपणी चिकटवलेलं मांजराचं चित्र असलेला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती पाहतेय हे पाहून पुढे चालायला लागले.

सेफ्टीसाहेबानं सगळं ऐकून घेतलं. टॅबलेट पाहिला, दोन ओळी पाहिल्या, टिकटिककडेही एकदा पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"बघा काका, मी मोकळं सांगतो. फोन पेटीत नव्हता, वर केबिनीत होता, आणि बरोबर त्या वेळी हातात होता. पंधरा मिनिटं काय आणि एक मिनिट काय, निकालात फरक पडत नाही. क्रेनवर तुम्हाला पुन्हा चढता येणार नाही. उगाच मुलीला कशाला ह्यात ओढता? पंधरा मिनिटांचाच जबाब द्या, सही करा, मोकळे व्हा."

"निकाल राहू दे तसाच," बाबा म्हणाले. "आकडा बदला."

"पण त्यानं फरक काय पडतो?"

"साहेब, तीन दिवस मी पंधरा मिनिटं शोधतोय. सापडत नव्हती. वेड लागायची पाळी आली होती. हे एक मिनिट माझं आहे, हे मला सापडलंय. माझं आहे तेवढंच माझ्या नावावर लिहा."

साहेबानं खांदे उडवले आणि नवा कागद पुढे सरकवला. टिकटिकनंच लिहिलं. चौदा मिनिटं कुणाची आणि एक कुणाचं, फोन कशानं वाजला आणि तो आवाज कुणी लावला होता, सगळं. अक्षर चांगलं आलं नाही. बाबांनी सही केली. खाली तिनंही केली, तिच्या सहीची कुणाला गरज नव्हती तरी.

बाहेर आल्यावर बाबांनी वळून छपराकडे पाहिलं. रुळांवर क्रेन एका टोकाला नेऊन उभी केली होती, केबिनीला कुलूप. ते बघत राहिले आणि टिकटिक त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्याला हे शिव्या देतील, निदान एक तरी देतील, अशी ती वाट पाहत होती. शिवी मिळाली असती तर बरं झालं असतं.

"सिग्नलकाकांना कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"एक मिनिट मी सांगेन."

"आणि बाकीची?"

बाबा चालायला लागले.

दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. सिग्नलकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. उजव्या हाताला एवढं मोठं पांढरं गाठोडं की तो हात त्यांचा वाटत नव्हता, कुणीतरी तात्पुरता ठेवायला दिल्यासारखा उशीवर पडला होता. शेजारी काकांच्या पत्नी, काकू, संत्रं सोलत होत्या.

"ये टिकटिक," काका म्हणाले. "बोल काहीतरी. तीन दिवस इथे सगळे कुजबुजतात. वीट आलाय."

बाबांनी त्यांचं मिनिट सांगितलं. उभ्याउभ्याच, हात मागे बांधून. काका ऐकत होते. "हं," म्हणाले. "वाजला तर माणूस बघतो." आणि बाबांना स्टूल दाखवलं.

बाबा बसले नाहीत. त्यांनी टिकटिककडे पाहिलं.

मग तिनं सांगितलं. कपाटापासून सुरुवात केली, वायर सांगितली, रविवार सांगितले, भाषणसुद्धा सांगितलं, कारण ते सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. काकूंचं संत्रं अर्धं सोललेलं राहिलं. काका पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होते, क्रेनच्या हुकाकडे बघावं तसे, पापणी न हलवता. ती थांबली तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"काय बघत होतीस?"

"अं?"

"मंगळवारी. चौदा मिनिटं. काय होतं एवढं?"

टिकटिकनं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. वायरचा कोन आठवला, फरशीचा गारवा आठवला, अंगठा वर सरकत राहिलेला आठवला. एकामागून एक काहीतरी येत होतं आणि जात होतं. कुणीतरी नाचत होतं का? की मांजर होतं? की कुणी भिंत रंगवत होतं?

"आठवत नाही," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्यांना ते खोटं वाटलं नाही, हे तिला दिसलं, आणि खोटं वाटलं असतं तर फार बरं झालं असतं असं तिला वाटलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं. चुकलं काका, असं म्हणायचं होतं, आणि त्याच्यापुढेही बरंच काही, नेहमीसारखं न थांबता.

काकांनी चेहरा भिंतीकडे वळवला. मग पांघरुणातून डावा हात बाहेर काढला, उचलला, आणि मूठ आवळली.

बाबा जागच्या जागी ताठ झाले. टिकटिकनं उघडलेलं तोंड मिटलं. पुढे जायचं नाही, मागे फिरायचं नाही. काकू एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्या मुठीकडे बघत होत्या, त्यांना हे इशारे येत नव्हते.

मूठ थरथरायला लागली, तरी काकांनी ती खाली घेतली नाही. बापलेक तसेच उभे राहिले. पाच वाजता घंटा झाली, शेजारच्या खाटांभोवतीची माणसं पिशव्या उचलून निघाली, नर्स येऊन चला म्हणाली, तरी दोघं हलले नाहीत.